न उडवलेली पन्नास काडतुसं

पुण्यात शस्त्रपरवाना असलेली चार माणसं एकत्र बसली की एक तक्रार हमखास निघते. बत्तीस बोअरनं काय होतंय, सरकारनं आता नाइन एमएम मोकळं करायला पाहिजे. (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, बत्तीस म्हणजे नावापुरतं ०.३२ इंच.) तक्रार करणाऱ्यांत मुळशी-मावळातले जमीनवाले असतात, सराफ असतात, पेट्रोलपंपाची रोकड नेणारे असतात. दसऱ्याला रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवून हळदकुंकू वाहणारे आणि उरलेलं वर्षभर त्याला हात न लावणारेही असतात. मुद्दा वरवर बिनतोड वाटतो: जे काडतूस १८९६ साली बाजारात आलं, त्यावर आजच्या शहरात जीव का सोपवायचा?

काडतूस जुनं आहे हे खरंच. पण या धंद्यात नवं असं फारसं काही नाहीच. .२२ लाँग रायफल १८८७ची. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग १८९६चं. .३८ स्पेशल १८९८चं. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगचं .३२ एसीपी, म्हणजे ‘ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल’, १८९९चं. आणि ज्याला सगळे आधुनिक म्हणतात ते नाइन एमएम पॅराबेलम जर्मनीच्या गेऑर्ग लूगरनं १९०२च्या सुमाराला केलं, म्हणजे बत्तीसच्या पाठचंच भावंड. .४५ एसीपी त्यानंतर तीनेक वर्षांनी, .३८० एसीपी १९०८ला. स्वसंरक्षणासाठी जगभर आजही जी काडतुसं विकली जातात, त्यांतली बहुतेक लोकमान्य टिळक हयात असतानाच तयार झालेली आहेत.

हे असं का झालं, याला कारण आहे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यानं बिनधुराची दारू तयार केली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत पितळी पुंगळी, बुडाला मधोमध दारू पेटवणारी टोपी, वर शिशाची किंवा तांब्याचं कवच चढवलेली गोळी, ही मांडणी पक्की झाली. त्यानंतर मर्यादा आली ती माणसाच्या मनगटाची. रायफल खांद्याला टेकते, पिस्तूल नुसतं मुठीत असतं. गोळी जितक्या जोरानं पुढे जाते तितकाच हिसका मागे हाताला बसतो, आणि तो सोसून दुसरी गोळी त्याच जागी मारता आली पाहिजे. या चौकटीत जे बसतं ते त्या काळच्या लोकांनी शोधून ठेवलं होतं. पुढे बदलली ती गोळी, दारू आणि टोपीची रसायनं. पुंगळीची मापं तीच राहिली. .३८ स्पेशलची पुंगळी २९ मिलिमीटर लांब आहे, कारण तिच्यात मुळात काळी दारू भरायची होती. आता तेवढी दारू लागत नाही, निम्मीअधिक पुंगळी रिकामी असते, तरी माप कुणी बदललेलं नाही. बदललं तर जगभरातल्या रिव्हॉल्व्हरांचं काय करायचं?

आता आपल्या बत्तीसकडे वळू. ते टिकण्याची वरची कारणं आहेतच, पण भारतात ते टिकलं ते मुख्यतः कायद्यामुळे. शस्त्र कायदा १९५९चा. त्याखालच्या नियमांत प्रतिबंधित बोअरची यादी आहे. ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरात .३८० किंवा .४५५ची कडेची (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसं, अथवा फौजेची ९ मिलिमीटर किंवा .४५ची बिनकडेची काडतुसं बसतात, ती सगळी त्या यादीत. फौजेचा आणि पोलिसांचा दारूगोळा बाहेरच्या हत्यारात चालू नये, हा हेतू उघड आहे. .४५५ आणि .३८० (हे .३८० एसीपी नव्हे) ही इंग्रजांच्या वेब्ली आणि एन्फिल्ड रिव्हॉल्व्हरांची काडतुसं, नाइन एमएम आजच्या फौजेचं. या चाळणीतून सामान्य परवानाधारकासाठी खाली उरलं ते .३२, .२२ आणि थोडं किरकोळ. त्याचा परवाना पुणे शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. प्रतिबंधित बोअरसाठी मात्र दिल्लीत गृह मंत्रालयाकडे जावं लागतं. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाली आणि मग कानपूर, इशापूर अशा सरकारी कारखान्यांची हत्यारं किंवा आजोबांच्या वेळची परदेशी, बराच काळ एवढाच पर्याय राहिला. २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून गाजावाजा करून काढलेलं ‘निर्भीक’ हेही .३२चंच, साधारण अर्धा किलो वजनाचं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला त्याची खरी गरज तिनं एवढे पैसे आणि परवाना दोन्ही कुठून आणायचे, हा वेगळाच विषय.

एक काडतूस तळहातावर घेऊन बघा. .३२ लाँग सव्वातीन सेंटिमीटरचं, बुडाला पुंगळीबाहेर आलेली सबंध कड. त्या कडेवर सिलिंडरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या खणांत, ते अडकून राहतं आणि त्याच कडेला धरून एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी बाहेर ढकलतो. बुडावर ‘केएफ’ कोरलेलं असेल तर ते आपल्या खडकीचं, जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधलं ‘किर्की’. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ची, म्हणजे कारखाना काडतुसापेक्षा सत्तावीस वर्षांनी थोरला. ऑक्टोबर २०२१पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच.

शेजारी .३२ एसीपी ठेवा. अडीच सेंटिमीटर, ठेंगणं, तांब्याचं कवच असलेलं. कड जेमतेम दिसते, बुडापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त. दोघांनाही बोलताना ‘बत्तीस’ म्हणतात आणि इथेच घोळ होतो. लाँग हे रिव्हॉल्व्हरचं, एसीपी पिस्तुलाचं. एसीपीचं काडतूस काही .३२ लाँगच्या रिव्हॉल्व्हरांत शिरतं, क्वचित उडतंही, आणि मग ‘चालतंय की’ म्हणून लोक वापरत राहतात. लाँगची कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला १५,००० पौंड, एसीपीची २०,५००. आजोबांच्या साठ-सत्तर वर्षं जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला हा तिसऱ्या हिश्शाहून जास्तीचा दाब द्यायचा म्हणजे सिलिंडर आज तडकेल की पुढच्या वर्षी, एवढाच प्रश्न. दुकानात नुसतं ‘बत्तीसचं खोकं द्या’ म्हणू नये. हत्याराच्या नळीवर काय कोरलंय ते वाचून पूर्ण नाव सांगावं.

त्या अर्धा मिलिमीटर कडेची आणखी एक खोड आहे. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि कितीही स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढली तरी वरचं काडतूस हलत नाही. पोकळ नाकाची (टोकाला खळगा असलेली, लागल्यावर पसरणारी) गोळी लांबीला कमी असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते आणि ही अडचण जास्त येते. म्हणून .३२ एसीपीसाठी जुन्या मापाची पूर्ण लांबीची गोल नाकाची गोळीच बरी. भरताना प्रत्येक वरची कड खालच्या कडेच्या पुढे बसलीय ना, ते बघून भरावं.

आता ताकदीबद्दल. .३२ लाँगची साधी गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर, वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर, ऊर्जा दीडशे ज्यूलला थोडी कमी. .३२ एसीपी १७५ ज्यूलच्या आसपास. .३८ स्पेशल पावणेतीनशेच्या जवळ. नाइन एमएम साडेचारशेच्या वर. म्हणजे आपलं बत्तीस नाइन एमएमच्या एक तृतीयांश. तक्रारदारांचा सगळा युक्तिवाद या एका आकड्यावर उभा आहे आणि आकडा बरोबर आहे. चुकतो तो पुढचा निष्कर्ष.

पिस्तुलाच्या ताकदीचा प्रश्न अमेरिकनांनी शंभर वर्षांत दोनदा सोडवला आणि दोन्ही वेळा उत्तर फिरवलं. फिलिपिन्समधल्या मोरो लढवय्यांपुढे .३८ लाँग कोल्ट कमी पडलं, म्हणून १९०४ साली फौजेच्या थॉम्प्सन आणि लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुराढोरांवर चाचण्या घेतल्या आणि निकाल दिला की .४५पेक्षा लहान नको. १९११ साली त्यांच्या फौजेनं .४५चं पिस्तूल घेतलं. पुढे एप्रिल १९८६मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मेले. त्यांच्या नाइन एमएमची एक गोळी गुन्हेगाराच्या दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. खापर फुटलं काडतुसावर. मग १० मिलिमीटर आलं, त्याचा धक्का सोसेना म्हणून १९९०ला .४० आलं, आणि २०१४नंतर तेच एफबीआय पुन्हा नाइन एमएमवर आलं. कारण साधं होतं: नव्या गोळ्या सगळ्याच बोअरमध्ये सारखंच काम करत होत्या आणि हलक्या धक्क्याच्या हत्यारानं नेमबाज जास्त वेगानं आणि जास्त अचूक मारत होते.

मायामीनंतर त्यांनी जी मोजपट्टी बनवली ती आजही जगभर चालते. दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा, चार अंश सेल्सिअसला गार केलेला, आणि त्यात गोळी बारा ते अठरा इंच जायला हवी. गोल नाकाची, न पसरणारी बत्तीसची गोळी बारा इंच ओलांडते. पिस्तुलाची गोळी जी इजा करते ती वाटेत जेवढं चिरडते तेवढीच. रायफलसारखा आजूबाजूचा फाडाफाडीचा परिणाम या वेगाला होत नाही. हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो, त्यामुळे सिनेमात माणूस गोळी लागून उडून पडतो तसं कुठलंच बोअर करत नाही. आणि कमी ताकदीचं काडतूस म्हणजे खेळणं, असाही कुणी अर्थ काढू नये. १९१४ साली सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या गोळ्या .३८० एसीपीच्या होत्या. १९४८च्या ३० जानेवारीला दिल्लीत वापरलेलं बेरेटा त्याच काडतुसाचं. या शहरात हे वेगळं सांगायला नको.

‘चोरांकडे मोठी हत्यारं असतात’ हे दुसरं पालुपद. पोलिसांच्या कारवायांत सापडणारी गावठी पिस्तुलं बघा, मध्य प्रदेशातल्या उमरटीकडून येणारी. त्यांत पुष्कळदा ७.६५ची काडतुसं असतात, म्हणजे तेच .३२ एसीपी, आणि बुडावर कधीकधी तेच ‘केएफ’. गुन्हेगाराचं काडतूस मोठं नाही. ते कुठल्या तरी परवान्यावरून गळालेलं असण्याची शक्यताच जास्त, आणि नाइन एमएम मोकळं केलं तर गळणार तेही.

मग पुण्यातल्या घराचा विचार करा. ज्या प्रसंगासाठी परवाना मागितला तो प्रसंग बहुधा रात्री, पॅसेजमध्ये किंवा दाराशी, तीन ते सात मीटरवर घडणार. साडेचार इंची विटेची भिंत पिस्तुलाची गोळी सहसा अडवते. पण फ्लश डोअर, खिडकीची काच, जिप्समचं पार्टिशन, ड्राय बाल्कनीचं ॲल्युमिनियम यांतलं काहीच नाइन एमएमच्या कवचधारी गोळीला थांबवत नाही, आणि पलीकडे शेजाऱ्यांची मुलं झोपलेली असतात. पोकळ नाकाच्या गोळीनं हा धोका टळतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. जिप्सम बोर्डातून जाताना ते नाक भुकटीनं बुजतं आणि पुढे ती साध्या गोल गोळीसारखीच जाते. बत्तीसही दारातून जातंच, पण उरलेला जोर कमी. शिवाय जवळपास दरवेळी हिशेब लागतो तो न लागलेल्या गोळ्यांचा. धक्का कमी, आवाज कमी, तर चुकलेल्या गोळ्याही कमी.

कायदाही इथेच बोट ठेवतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची. कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. जीव घेण्यापर्यंत हक्क जातो तो कलम ३८ आणि ४१मधल्या ठरावीक प्रसंगी: प्राणघातक हल्ला, जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी वगैरे. पळणाऱ्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी यात बसवायला वकिलाला घाम फुटेल. आणि ‘आधी हवेत एक बार काढू’ हा सल्ला जो देतो त्यानं वर गेलेली गोळी कोथरूडात नाही तर कर्वेनगरात, कुठे तरी खाली येतेच, हे लक्षात घ्यावं. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडल्या तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तेव्हा हत्याराची खरी दुबळी बाजू बोअर नाही. ती कपाटात असते: परवान्यावर मिळालेलं पन्नास काडतुसांचं खोकं, सात-आठ वर्षांपूर्वीचं, त्यातली सहा सिलिंडरमध्ये आणि चव्वेचाळीस खोक्यात. एकही उडवलेलं नाही. रिव्हॉल्व्हरला अधूनमधून भरपूर तेल, आणि ते तेल टोपीच्या कडेनं हळूहळू आत झिरपतं, टोपीतलं मिश्रण निकामी होतं. गंज सोडवायचे स्प्रे तर याबाबतीत विषच. काहींची काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली. चामडं कमावायला वापरलेली रसायनं पितळाला हिरवा कळंक आणतात, ती काडतुसं चेंबरमध्ये, म्हणजे उडताना जिथे असतात त्या खणात, अडकतात. शिवाय आपला जून ते सप्टेंबर. निवडणुका आल्या की हेच हत्यार आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा होतं, आठवडे पडून राहतं, परत येतं आणि न उघडता पुन्हा कपाटात जातं.

पिस्तूलवाल्यांची एक खास सवय आहे. रोज रात्री काडतूस चेंबरमध्ये चढवायचं, सकाळी काढायचं, रात्री पुन्हा तेच. दरवेळी नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून गोळी पुंगळीत थोडी आत सरकते, आतली जागा कमी होते आणि उडवताना दाब वाढतो. त्या काडतुसाची लांबी नव्याशेजारी उभं करून बघा. कमी दिसली तर ते बाजूला काढा.

रिव्हॉल्व्हरचं जुनेपण इथे कामी येतं. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं, स्लाइड ओढायचं भान लागत नाही. मात्र रेंजवर नुसतंच ‘टक’ झालं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबायचं, हत्यार रिकामं करायचं आणि नळीत गोळी अडकलीय का बघायचं. तिच्या मागून दुसरी मारली तर नळी फुगते. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून एक्स्ट्रॅक्टर एकदाच जोरात दाबायचा. हळूहळू दाबला तर एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीसारख्या टोकाखाली शिरते आणि सिलिंडर बंदच होत नाही. डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडाही मागे नेणारा, चाप चार-पाच किलोच्या घरात. न सरावलेलं बोट तो ओढताना नळी खाली-डावीकडे नेतं, सात मीटरवरही गोळी माणसाच्या शेजारून जाते. बोअर वाढवलं तर ती आणखी जोरात शेजारून जाईल, एवढंच.

बत्तीस लाँगला दुबळं म्हणणाऱ्यांनी पंचवीस मीटरच्या सेंटरफायर पिस्तूल स्पर्धा बघाव्यात. जगभरचे नेमबाज त्यात हेच काडतूस सपाट नाकाच्या गोळीसह वापरतात, कारण इतकं शांत आणि अचूक दुसरं मिळत नाही. बालेवाडीची रेंज याच शहरात आहे. खेळाडूला सरावासाठी काडतुसं देण्याची सोय कायद्यात आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर मात्र एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे ठरलेले आकडे असतात आणि लोक ती काडतुसं सोन्यासारखी जपून ठेवतात. संपली तर पुन्हा कागदपत्रं. परिणाम असा की २०१६च्या नियमांनुसार परवान्यापूर्वीचं सुरक्षा प्रशिक्षण एकदा उरकतं आणि नंतर कोणी तपासत नाही.

म्हणून मागणी बदलायला हवी. सरावाची काडतुसं परवान्याच्या कोट्याबाहेर ठेवा. ती घरी न देता मान्यताप्राप्त रेंजवरच द्या, तिथेच उडवा, पुंगळ्या मोजून परत घ्या, म्हणजे गळतीचा आक्षेपही राहत नाही. खोक्यावरचा लॉट आणि वर्ष परवान्यात नोंदवा. अंगावर बाळगलेली सहा काडतुसं दरवर्षी रेंजवर संपवून तिथेच नवी मिळू द्या. घरातल्या कुलूपबंद पेटीचा फोटो नूतनीकरणाला लावायला सांगा, कारण घरात मूल असलेल्या माणसाचं हत्यार उशीखाली सापडावं हे कुठल्याच बोअरला शोभत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. त्या पाचव्या वर्षी एक परीक्षा ठेवा: सात मीटर, ए-फोर आकाराचा कागद, तीस काडतुसं, डबल ॲक्शन. चोवीस कागदावर बसली नाहीत तर तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, तोवर हत्यार जमा. .३२ लाँगनं हे सहज जमतं. ज्याला त्यानंही जमत नाही, त्याचा नाइन एमएमचा अर्ज त्या दिवशी टेबलावर न घेतलेला बरा.